टपरीवरच नंबर लागायचा: एका आर्ककोसाइनचं प्रकरण

हंगामाचा तिसरा आठवडा. पहाटे पावणेचारला यार्डच्या सुपरवायझरांचा फोन.

"साहेब, तुमच्या यंत्रानं भांडणं लावलीत इथं. दोन ट्रॅक्टर काट्याला टेकून तासभर उभे आहेत, त्यांचा नंबर लागेना. आणि जे अजून फाट्यावर चहा पितायत, त्यांचा लागलाय!"

कारखाना कृष्णाकाठचा, एवढंच सांगतो. काम साधं होतं. उसानं भरलेला ट्रॅक्टर यार्डात आला की ड्रायव्हरनं खिडकीवर जाऊन नंबर घ्यायचा, मग रांगेत थांबायचं, वजनकाटा आणि शेवटी गव्हाण, म्हणजे ऊस ओतायची जागा. रांग दहा-बारा तासांची झाली की ऊस वाळतो, वजन घटतं आणि शेतकरी तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला शिव्या घालतो. त्यात मोटारसायकलवरून पोरगा पुढं पाठवून नंबर धरून ठेवायची पद्धत पडलेली. कारखान्याला ती मोडायची होती. गाडी काट्यापासून ५०० मीटरच्या आत आली की नंबर आपोआप लागावा, अशी मागणी.

आम्ही प्रत्येक ट्रॅक्टरला एक डबी बसवली. आत जीपीएस मॉड्यूल, सिमकार्ड आणि आर्डुइनो नॅनोसारखा स्वस्तातला आठ बिटांचा बोर्ड. मळ्यात रेंज मिळेलच याची खात्री नसते, म्हणून अंतराचं गणित डबीनंच करायचं आणि गाडी वर्तुळात शिरली की फक्त तेवढाच निरोप पाठवायचा, असं ठरलं. अंतर काढायचं म्हणजे दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि त्रिकोणमिती. दहावीत ज्यानं ३०-४५-६० चा तक्ता पाठ केलाय त्याला हे अवघड वाटत नाही. आम्हालाही वाटलं नव्हतं.

पहिली चूक लॅपटॉपवरच सापडली होती. ती आधी सांगतो, कारण तिच्यावर मारलेलं ठिगळ चुकीपेक्षा जास्त शिकवून गेलं.

धाकट्या सहकाऱ्यानं पायथनमध्ये सूत्र लिहिलं. गोलावरच्या त्रिकोणाचं, पुस्तकात असतं तेच: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांशांच्या फरकाच्या कोसाइनचा गुणाकार. या बेरजेचा आर्ककोसाइन घेतला, म्हणजे कोसाइनवरून उलटं कोनाकडे गेलं, की मधला कोन मिळतो. त्याला पृथ्वीच्या त्रिज्येनं, ६३७१ किलोमीटरनं, गुणलं की अंतर. तपासायला त्यानं उत्तर-दक्षिण ०.०१ अंश अंतरावरचे दोन बिंदू घेतले. यायला हवं होतं १.११ किलोमीटर, आलं ६३.७१.

त्यानं बरोबर उत्तरानं चुकीच्या उत्तराला भागलं, ५७.३ आलं. मग प्रोग्रॅमच्या शेवटच्या ओळीत "भागिले ५७.३" टाकून मोकळा. उत्तर चोख १.११. मला दाखवलं, मीही मान डोलावली.

दुपारी पूर्व-पश्चिम ०.०१ अंशाचे बिंदू घातले. आमच्या भागात, अक्षांश साधारण १६.८, हे अंतर १.०६ किलोमीटर भरतं. प्रोग्रॅम म्हणाला ०.५१. उत्तरेकडून येणारी गाडी बरोबर आणि पश्चिमेकडून येणारी निम्म्याहून कमी अंतरावर!

पायथन, सी, जावास्क्रिप्ट, अगदी एक्सेलसुद्धा, साइन आणि कोसाइनला दिलेला आकडा रेडियनमध्येच आहे असं धरून चालतात. रेडियन हे कोनाचं दुसरं माप, एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश. शाळेत आपण अंशात वाढलो, कॅल्क्युलेटरवर कोपऱ्यात 'डिग्री' लिहिलेलं असतं, आणि रेडियन भेटतं ते अकरावीत, घाईघाईत. पायथनला साइन ३० विचारा, उत्तर उणे ०.९८८ येतं. त्याच्या लेखी ते ३० रेडियन, म्हणजे पावणेपाच फेऱ्यांहून थोडं जास्त. आमच्या प्रोग्रॅमनं १६.८ अंशांऐवजी १६.८ रेडियनचा कोसाइन घेतला होता. खरा ०.९५७, त्यानं घेतला उणे ०.४६. सूत्रात असे दोन कोसाइन एकमेकांना गुणले जातात, त्यामुळे उणे गुणिले उणे अधिक झालं आणि गडबडीची एकमेव उघड खूण पुसली गेली. शेवटी ५७.३ नं भागल्यानं बाहेरचं माप दुरुस्त होतं. आत चुकीच्या कोनाचा कोसाइन घेऊन झालेला असतो, त्याला ते भागणं पोचत नाही. भागायचं ते आत जाताना. पायथनमध्ये त्यासाठी 'रेडियन्स' नावाचं तयार फंक्शन आहे, आर्डुइनोतही आहे.

५७.३ हा आकडा मात्र आपल्या ओळखीचा निघतो. आर्यभटानं इसवी सन ४९९ च्या सुमारास 'ज्या'ची, म्हणजे साइनची, सारणी दिली, २२५ कलांच्या (एका अंशाच्या ६० कला) टप्प्यानं २४ ज्या. त्या सारणीतली त्रिज्या आहे ३४३८. हा आकडा कुठून? परिघाच्या २१६०० कला धरल्या आणि त्रिज्याही त्याच कलांत मोजली की ती ३४३८ भरते. कलांचे अंश करायला ६० नं भागा: ५७.३. कंस आणि त्रिज्या एकाच मापानं मोजायची ही युक्ती म्हणजेच रेडियनचं मूळ. सहकाऱ्यानं ठिगळ म्हणून लावलेला आकडा दीड हजार वर्षं जुना होता, फक्त चुकीच्या ओळीत लावलेला.

रेडियनची दुरुस्ती झाली. लॅपटॉपवर गावांच्या जोड्या घालून पाहिल्या, नकाशाशी ताडल्या, सगळं जुळलं. एक जोडी मात्र आम्ही कधीच घातली नाही: तोच बिंदू दोनदा. अंतर शून्य. कोण कशाला तपासतो?

मग प्रोग्रॅम आर्डुइनोच्या भाषेत उतरवून डब्यांत भरला आणि मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं.

आता पहाटेच्या फोनकडे येऊ. सकाळी यार्डात पोचलो तर ड्रायव्हर आमच्या पुढं गेलेले. एकानं समजावलं, "त्या फाट्यावर टपरीशी थांबायचं साहेब, तिथं लागतो नंबर. इथं काट्याजवळ लागत नाही कधीकधी." टपरी काट्यापासून १.३ किलोमीटरवर. आमचं वर्तुळ ५०० मीटरचं. ड्रायव्हरांनी दोन रात्रींत आमच्या सूत्राचा कच्चा दुवा शोधून तिथं गाड्या लावायला सुरुवात केली होती. तपासणीसाठी एवढी मेहनत आम्ही घेतली असती तर बरं झालं असतं.

काट्यावर उभी असलेली एक डबी उघडून लॅपटॉपला जोडली. अंतराच्या जागी अक्षरं: 'नॅन'. म्हणजे 'हा आकडाच नव्हे'.

कागदावर एका बिंदूपासून त्याच बिंदूचं अंतर काढलं तर आर्ककोसाइनच्या पोटात बरोबर १ जातो, कारण साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग म्हणजे १. बोर्डावर मात्र प्रत्येक आकडा सुमारे सात अंकांपुरताच धरला जातो आणि प्रत्येक गुणाकारात शेवटचा अंक इकडेतिकडे होतो. बेरीज कधी १ येते, कधी ०.९९९९९९९४, तर कधी एकाला नुसती चाटून वर जाणारी, १.००००००१२ सारखी. एकापेक्षा मोठा कोसाइन जगात नाही, म्हणून आर्ककोसाइन हात वर करतो आणि 'नॅन' देतो. पुढची गंमत अशी की 'नॅन' कशाहीपेक्षा लहान, मोठा किंवा कशाच्याही बरोबर आहे का विचारलं तरी उत्तर 'नाही' असंच येतं. 'नॅन ५०० पेक्षा लहान आहे का?' नाही. म्हणजे गाडी बाहेर आहे. काट्यावर चाकं टेकवून उभी असलेली गाडी प्रोग्रॅमच्या मते अजून आलेलीच नव्हती.

पायथननं हे होऊ दिलं नसतं. तिथं एकापेक्षा मोठ्या आकड्याचा आर्ककोसाइन मागितला की एरर येऊन प्रोग्रॅम थांबतो, निदान बोंब तरी होते. बोर्ड आणि जावास्क्रिप्ट मुकाट 'नॅन' देतात, मायएसक्यूएल हा डेटाबेस मुकाट 'नल', म्हणजे रिकामी जागा, देतो.

त्याच सकाळी यार्डात बसून ठिगळ मारलं: बेरीज १ पेक्षा जास्त आली तर १ च धर. 'नॅन' गेला. काट्यावरच्या बऱ्याच गाड्यांचा नंबर लागायला लागला, सगळ्यांचा नाही. टपरीवरच्या गाड्यांचा तर पूर्वीसारखाच लागत राहिला.

दुपारी एका डबीला रस्ताभर अंतर लिहून ठेवायला लावलं आणि त्या ट्रॅक्टरमागून मोटारसायकलवर गेलो. गाडी साडेचार किलोमीटरवरून सावकाश येत होती. नोंदीत मात्र ४.४०, ३.८१, ३.११, २.२० आणि शून्य. मधलं काहीच नाही. बेडूक उड्या मारत यावा तशी गाडी.

हे आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि सहज २.२० नं भागले. १, १.४१, १.७३, २. वर्गमुळं! एकाचं, दोनाचं, तिनाचं, चाराचं. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला.

छोट्या कोनाचा कोसाइन एकाच्या अगदी जवळ असतो, आणि एकापासून तो जितका ढळतो ते कोनाच्या वर्गाच्या निम्मं. ५०० मीटरचा कोन पृथ्वीच्या मध्यापासून पाहिला तर ०.००००७८५ रेडियन. त्याचा कोसाइन ०.९९९९९९९९६९. सगळी माहिती नवव्या अंकात जाऊन बसली. बोर्डाला एकाच्या खाली दिसणारा पहिला आकडा आहे ०.९९९९९९९४. दोहोंच्या मध्ये त्याच्याकडे काही नाही. त्यामुळे ५०० मीटरही १ च, आणि हिशेब केला तर साधारण दीड किलोमीटरपर्यंतचं सगळंच १, म्हणजे अंतर शून्य. टपरी १.३ वर. त्या पहिल्या पायरीचा, ०.९९९९९९९४ चा, आर्ककोसाइन घेऊन त्रिज्येनं गुणा: २.२० किलोमीटर. दुसरी पायरी त्याच्या √२ पट, तिसरी √३ पट. आणि काट्यावर उभ्या गाडीची बेरीज गोळाबेरजेत एक पायरी खाली घसरली, की ती २.२० किलोमीटर लांब फेकली जाते.

मग लॅपटॉपवर हे का दिसलं नाही? पायथन आकडा आठ बाइटांत ठेवतो, सुमारे पंधरा-सोळा अंक. तिथंही पायऱ्या आहेतच, पण पहिली पायरी साडेनऊ सेंटिमीटरची. ट्रॅक्टरच्या टायरवरचं नक्षीकामही त्याहून मोठं. बोर्डाच्या प्रोग्रॅममध्येही आम्ही 'डबल' असंच लिहिलं होतं, म्हणून निर्धास्त. पण ऊनो, नॅनो, मेगा या आठ बिटांच्या आर्डुइनो बोर्डांवर 'डबल' म्हणजेसुद्धा चारच बाइट. नाव डबल, माप सिंगल. ही ओळ माहितीपत्रकात स्पष्ट छापलेली आहे, ती आम्ही नंतर वाचली.

काटा क्लार्कना हे समजावताना मला त्यांच्याच काट्याचा दाखला सापडला. म्हटलं, समजा पावशेर चहापूड मोजायचीय. भरल्या ट्रॉलीवर ती ठेवायची, ट्रॉलीचं वजन करायचं, पुडी काढायची, परत वजन करायचं आणि वजाबाकी. तुमचा काटा दहा-दहा किलोनं सरकतो. काय येईल? "शून्य," ते म्हणाले, "नाहीतर एकदम दहा किलो." तेच. आर्ककोसाइनच्या सूत्रात एक ही भरली ट्रॉली आणि आपलं ५०० मीटर ही चहापुडी. पुडी मोजायला किराणा दुकानातला तराजू पाहिजे.

तो तराजू म्हणजे हॅवरसाइन:

क = साइन²(अक्षांशांचा फरक ÷ २) + कोसाइन(अक्षांश १) × कोसाइन(अक्षांश २) × साइन²(रेखांशांचा फरक ÷ २)

अंतर = २ × ६३७१ × आर्कसाइन(√क)

गणितानं पाहिलं तर हे आधीचंच सूत्र, थोडं फिरवलेलं. कागदावर दोघांत काडीचा फरक नाही. पण इथं एकाजवळ काही साठवावं लागत नाही. ५०० मीटरला क येतो ०.००००००००१५४, आणि असा बारीक आकडा बोर्ड सातही अंकांनिशी नीट धरतो, कारण दशांश चिन्ह सरकवून ठेवायची त्याची पद्धत शून्याजवळ भरपूर दाट आणि एकाजवळ विरळ आहे. तोच बिंदू दोनदा दिला तर फरक शून्य, साइन शून्य, क शून्य, अंतर शून्य. 'नॅन' ला वावच नाही. एक पथ्य पाळायचं: आधी अंशांत वजाबाकी, मग रेडियन. उलट केलं तर वजाबाकीच्या आधीच शेवटचे अंक झडतात.

हॅवरसाइन या नावाची फोड केली तर 'अर्धा वर्साइन', आणि वर्साइन म्हणजे १ वजा कोसाइन. आपल्या जुन्या ग्रंथांत याला उत्क्रमज्या म्हणतात, सूर्यसिद्धान्तात 'ज्या'च्या जोडीनं तिचीही सारणी आहे. धनुष्याच्या दोरीच्या मध्यापासून कमानीपर्यंतचा बाण, म्हणून तिला शर असंही नाव. शाळेनं आपल्याला ज्या आणि कोज्या दिल्या आणि उत्क्रमज्या गाळली. का गाळली ते कळतं: १ वजा कोज्या एवढंच तर आहे, वेगळं नाव कशाला? तर याच्यासाठी. जिथं कोज्या एकाला चिकटते तिथं ती एकापासून किती ढळली, हेच विचारायचं असतं, आणि ते वजाबाकी करून विचारलं की हातात काही उरत नाही. इंग्रज दर्यावर्दी १९ व्या शतकात याची छापील कोष्टकं जहाजावर बाळगत. १९८४ साली रॉजर सिनॉट यांनी एका अमेरिकी खगोल मासिकात हेच सूत्र संगणकासाठी नव्यानं पुढं आणलं, कारण तेव्हाचे संगणकही आमच्या डबीसारखेच थोड्या अंकांचे.

नवा प्रोग्रॅम भरला. बेडूकउड्या थांबल्या.

एक बारकी भानगड दिशेची. यार्डाला दोन तोंडं, उत्तरेचं आणि पूर्वेचं, आणि गाडी कुठून येतेय त्यावर कुठली रांग हे ठरायचं. त्यासाठी आर्कटॅन-टू वापरलं. साधा आर्कटॅन भागाकार घेतो आणि भागाकारात चिन्हं एकमेकांना खातात, ईशान्य आणि नैर्ऋत्य एकच दिसतात. आर्कटॅन-टू दोन्ही आकडे वेगवेगळे घेतो. पायथन आणि सी मध्ये आधी उभा, मग आडवा. एक्सेलमध्ये बरोबर उलटं: आधी आडवा, मग उभा. शेती अधिकाऱ्यांनी पडताळणीसाठी तोच क्रम एक्सेलमध्ये घातला आणि त्यांच्या तक्त्यात उत्तर आणि पूर्व यांची अदलाबदल झाली. हे पंधरा दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तपासणीची गाडी नेमकी ईशान्येच्या मळ्यातून यायची. ४५ अंश उलटे केले तरी ४५ च! पश्चिमेची दिशा उणे ९० येते, ती २७० करायला पायथनमध्ये ३६० नं भागून बाकी घेतली की झालं. सी मध्ये बाकीही उणे ९० च राहते, आधी ३६० मिळवावे लागतात.

हे सगळं रामायण झाल्यावर कॉलेजात सर्वेक्षण शिकवणारे आमच्या ओळखीचे एक सर आले. त्यांनी प्रोग्रॅम वाचला आणि विचारलं, "५०० मीटरला पृथ्वी गोल कशाला पाहिजे तुम्हाला?"

उत्तर नव्हतं. एवढ्या तुकड्यात जमीन सपाट धरली तर फरक सेंटिमीटरभराचा. जीपीएस स्वतःच काही मीटर इकडेतिकडे करतं. उलट पृथ्वी पूर्ण गोल धरल्यानं जास्त चूक होते. ती ध्रुवांशी चपटी असल्यानं आमच्याकडे उत्तर-दक्षिण एक अंश १११.१९ नाही, सुमारे ११०.७ किलोमीटर भरतो. म्हणजे जवळजवळ अर्धा टक्का, ५०० मीटरला अडीच मीटर.

शेवटी डबीत राहिलं ते इतकंच. काट्याच्या अक्षांशाचा कोसाइन एकदाच, डबी सुरू होताना काढायचा: ०.९५७. अक्षांशांच्या फरकाचे किलोमीटर करायचे, रेखांशांच्या फरकाचे किलोमीटर करून या कोसाइननं गुणायचे, दोघांचे वर्ग मिळवायचे आणि ०.२५ पेक्षा कमी आहेत का ते पाहायचं. वर्गमूळसुद्धा नाही. तो कोसाइन मात्र सोडता येत नाही. इथं सोडला तर पूर्व-पश्चिम जवळजवळ साडेचार टक्क्यांची चूक, दिल्लीच्या अक्षांशावर चौदाएक टक्क्यांची. हॅवरसाइन सर्व्हरवर ठेवलं, मळ्यापासून कारखान्याचं सरळ रेषेतलं अंतर काढायला. वाहतुकीच्या बिलातलं रस्त्याचं अंतर त्याहून कमी असूच शकत नाही, आणि तसं एखादं बिल निघालं तर तपासायला बरं पडतं.

अंश-रेडियनच्या तपासणीत आता पहिली ओळ साइन ३० अंशांची असते. पायथनमध्ये ती ०.५ येत नाही, ०.४९९९९९९९९९९९९९९९४ येते, म्हणून 'बरोबर ०.५ आहे का' असं न विचारता 'जवळ आहे का' असं विचारतो. दुसरी ओळ तोच बिंदू दोनदा. आणि तपासणी लॅपटॉपवर नाही, डबीवर.

पुढच्या हंगामात यार्डात गेलो तेव्हा फाटा ओस. टपरीवाल्याचा धंदा बसला असणार म्हणून मला थोडं अपराधी वाटलं. काट्याकडं वळलो तर टपरी तिथंच, रस्त्याच्या कडेला, पुढं दहा-बारा ट्रॅक्टर. डबी काढून अंतर पाहिलं: ४७० मीटर.